मित्राची थकबाकी

फ्रेमवाल्या काकांच्या एका मित्रावर कराची थकबाकी निघाली आहे, ही बातमी गल्लीभर व्हायला एक दुपार पुरली. असा कुठला मित्र काकांना नाही, हे गल्लीला आधीपासून ठाऊक होतं. पण समोरचा माणूस एवढे कष्ट घेऊन खोटं बोलत असला की ऐकणाऱ्यानेही थोडी माणुसकी दाखवावी लागते. गल्लीने ती दाखवली. जो तो 'तुमच्या मित्राला सांगा' अशी सुरुवात करून काकांना सल्ला देऊ लागला.

सगळ्यात मोठा सल्ला शेजारच्या निवृत्त मास्तरांचा. मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता आणि भूगोल सोडून इतर सर्व विषयांवर त्यांचा अधिकार चालत असे.

"तुमच्या मित्राला म्हणावं, सरळ आजारी पड," मास्तर म्हणाले. "आजारी माणसावर करखातं हात टाकत नाही. कंबरेचं काहीतरी काढायला सांगा. कंबर कुणाला तपासता येत नाही."

"आणि वकील केला तर?" काकांनी फ्रेमच्या पट्टीला पॉलिश लावत, जणू सहज विचारलं.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुमचा मित्र शहाणा आहे का?"

काकांनी पॉलिशचा दुसरा हात द्यायला घेतला.

आता ही थकबाकी झाली कशी, तेही सांगायला हवं, कारण असली चूक करायला दोन चांगली माणसं लागतात. काका-काकूंनी लग्न झाल्यावर संसाराची वाटणी केली होती. उंबरठ्याच्या आतलं काकूंनी पाहायचं, बाहेरचं काकांनी. विजेचा मीटर आत, म्हणून विजेचं बिल काकूंकडे. नळ अंगणात, म्हणून पाणीपट्टी काकांकडे. अशा शिस्तीत संसार चालला होता. अडचण एकच, की काकांचं फ्रेमचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि उंबरठा बरोबर मधे. दुकानाचा कर एक म्हातारे हिशेबनीस भरून टाकत. ते कागद दुकानात घ्यायचे, म्हणून काकू समजायच्या की हे खातं काकांचं. मग आत जाऊन चहा पीत काकूंशी आकडेमोड करायचे, म्हणून काका समजायचे की हे खातं काकूंचं. पुढे हिशेबनीस थकले आणि लेकीकडे कायमचे राहायला गेले. दोघांनी त्यांना दारापर्यंत जाऊन निरोप दिला, आणि त्यानंतर सहा वर्षं दोघांनीही एकमेकांच्या खात्यात नाक खुपसलं नाही.

नोटीस आली तेव्हा काका एका निवृत्तीच्या फोटोला काच बसवत होते. त्याआधी हातात घेतलेला एक बारशाचा फोटो त्यांनी उलटा बसवून ठेवला होता. नोटिशीत मूळ कर होता, व्याज होतं, दंड होता, आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ठरल्या मुदतीत खुलासा न केल्यास दुकानाला सील ठोकण्यात येईल. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आधी उंबरठ्यापलीकडे पाहिलं. आत काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

दुकान जाईल, ही भीती होतीच. पण काकांचं मन जिथे खरं अडकलं ते वेगळंच होतं. काका तसे बिनकामाचे म्हणूनच नातेवाइकांत प्रसिद्ध. मोठ्या भावाने त्यांना कधी काही विचारलं नाही, मेव्हण्याने विचारून ऐकलं नाही. जगात एकच व्यक्ती अशी होती की जी काकांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, पाहुण्यांना किती दिवस राहा म्हणायचं, काकू प्रत्येक गोष्ट काकांना विचारत आणि काका सांगतील तेच करत. ती व्यक्ती ही नोटीस वाचून आपल्याकडे कशी बघेल, हा विचार काकांना सोसवेना. शिवाय तिला रक्तदाबाचा त्रास. मनाला ताप नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. कारण चांगलं होतं आणि काकांनी ते पुढे केलं. तेवढ्यात आतून काकूंची पावलं वाजली, तशी त्यांनी नोटीस हातातल्या फ्रेमच्या मागे सरकवली, वर पुठ्ठा ठेवला आणि चुका ठोकून टाकल्या.

फ्रेमवाल्याला कागद लपवायला याहून चांगली जागा नाही. फक्त आपण कुठल्या फ्रेममध्ये लपवला हे लक्षात ठेवावं लागतं. निवृत्तीचा फोटो तोवर बाजूला सरकला होता आणि काकांच्या हातात आलं होतं ते हार्डवेअरवाल्यांचं मानपत्र. व्यापारी संघाने त्यांना दिलेलं. 'वेळेवर कर भरणारा आदर्श व्यापारी' म्हणून. संध्याकाळी हार्डवेअरवाले आले, पैसे दिले आणि मानपत्र काखोटीला मारून गेले.

काकांना हे कळलं ते चार-पाच दिवसांनी, आणि मग त्यांचं धाबं दणाणलं. ते हार्डवेअरच्या दुकानात पोचले तर मानपत्र गल्ल्याच्या वर, खास दिव्याखाली लटकत होतं.

"जरा मागचा पुठ्ठा बघतो," काका म्हणाले. "या हवेत फुगतो."

"चार दिवसांत?"

"काही पुठ्ठे हळवे असतात."

घरी नेऊन बघतो म्हटलं, तर हार्डवेअरवाले ऐकेनात. त्यांच्याकडे भिंतभर पकडी आणि पेचकस असताना काम दुसरीकडे का जावं? शेवटी काकांनी तिथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत चुका काढल्या, पुठ्ठा उचलला आणि नोटीस शर्टात सरकवली. तेवढ्यात तिचं टोक दिसलंच.

"हे काय?"

"अस्तर."

"अस्तरावर शिक्का?"

"सरकारी अस्तर आहे. उत्तम प्रतीचं असतं."

"मग काढता कशाला? राहू द्या की!"

आदर्श व्यापारी हक्काचं अस्तर सोडायला तयार होईना. काकांना दुसऱ्या दिवशी दुप्पट जाडीचं अस्तर, नवी काच आणि वर पितळी हूक असं सगळं पदरचं घालून बसवून द्यावं लागलं. एवढं झाल्यावर मात्र त्यांनी ठरवलं की आता वकील गाठायचा. आपली अक्कल आपल्याला कुठे नेते आहे, हे त्यांना दिसू लागलं होतं.

कराची कामं पाहणाऱ्या वकीलबाईंचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. घरी काय सांगायचं हा प्रश्न होता, म्हणून काकांनी गुडघेदुखी काढली आणि गुडघ्याच्या व्यायामाचा वर्ग लावला आहे, असं काकूंना सांगितलं. गुडघा खोटा होता. वकीलबाईंच्या जिन्याने तो पंधरवड्यात खरा केला.

वकीलबाई काकांची मुलगी शोभेल एवढ्या वयाच्या होत्या. त्यांनी पेन उघडलं, नाव लिहिलं, दुकानाचा पत्ता लिहिता लिहिता थांबल्या आणि काकांकडे बघतच राहिल्या.

"पुढे दुकान आणि मागे घर, तेच ना?"

"तेच. तुम्हाला कसं कळलं?"

"नोटिशीवरून," असं म्हणून त्यांनी नोटीस घाईघाईने उलटी ठेवली. "घरी सांगितलंय का तुम्ही?"

"घरी सांगायचं नाही म्हणून तर इथे आलो."

वकीलबाई ग्लासभर पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "काका, सील थांबवायचा अर्ज आपण करू. मूळ कर हप्त्यांनी भरायची परवानगी मागू. दंड माफ होतो का तेही बघू. पण माझा पहिला कायदेशीर सल्ला असा आहे, की घरी सांगा."

काकांना वाटलं, डॉक्टर जसं भरपूर पाणी प्या म्हणतात तसं वकील हे म्हणत असणार. त्यांनी मान डोलावली आणि मनावर घेतलं नाही. दर भेटीत वकीलबाई जाताना म्हणायच्या, "घरी सांगितलं?" काका म्हणायचे, "सांगतो सांगतो." असं करता करता वकीलबाई बऱ्याच खंगलेल्या दिसू लागल्या. कामाचा ताण असेल, असं काकांना वाटे. एकदा तर त्यांनी वकीलबाईंनाच वेळेवर जेवत जा म्हणून बजावलं.

"दंडमाफीच्या अर्जात चूक कोणाची आणि कशी झाली, ते लिहावं लागतं," वकीलबाई म्हणाल्या.

"लिहा, सर्वस्वी माझी. घरच्यांना यातलं काडीचंही माहीत नाही. हे वाक्य जरा ठळक लिहा."

वकीलबाईंनी डोळ्यांवर हात धरला आणि लिहिलं.

घरी मात्र काकांचा मित्र रोज जेवायला येऊ लागला, म्हणजे विषय म्हणून. गल्लीतून त्याची कहाणी काकूंच्या कानावर आलीच होती. काकूंना त्याची इतकी दया आली, की काकांना स्वतःच्या मित्राचा हेवा वाटू लागला. आणि योगायोग बघा, काकू ज्या मैत्रिणीकडे हल्ली भरतकाम शिकवायला जात, तिच्यावरही नेमकी तीच पाळी आली होती.

"तिचीच चूक आहे हो," काकू भाजी वाढताना म्हणाल्या. "तिनेच बघायला हवं होतं. बिचाऱ्या नवऱ्याला काय कळतंय त्यातलं!"

"तिचा नवरा काय करतो?"

"असतो दुकानात."

"सगळा भार बायकोवर टाकून दुकानात बसतो? अशा माणसाला चार शब्द सुनवायला हवेत."

"त्याला काही बोलायचं नाही," काकू एकदम म्हणाल्या. "साधा आहे तो. त्याला कळलं तर झोप उडेल त्याची."

"मग तिने सांगू नये," काकांनी निकाल दिला. "उगाच त्याच्या जिवाला घोर."

"बरं झालं तुम्हाला विचारलं. सांगते तिला. आणि तुमच्या मित्राने बायकोला सांगितलं का?"

"नाही. तिला रक्तदाब आहे."

"तिलाही?" काकू हळहळल्या. थोड्या वेळाने त्यांनी आपला गुडघा चोळला आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या वर्गातले दोन व्यायाम मलाही दाखवा ना. त्या मैत्रिणीचा जिना फार आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात. इथे कळसा समोर बसून आमटी-भाताबरोबर मित्राची चौकशी वाढत होता आणि काकांना पत्ता नव्हता. त्यांनी त्या रात्री मन लावून दोन व्यायाम रचले. एका पायावर उभं राहून भिंत ढकलायची, हा त्यातला सोपा. काकूंना त्याने बरं वाटलं. मग मास्तरांना कळलं, आणि सकाळच्या वेळी गल्लीतल्या निम्म्या भिंती ज्येष्ठ नागरिक ढकलू लागले. मास्तरांची मात्र त्यात खरोखरच कंबर लचकली. कंबर तपासता येत नाही, या त्यांच्या सिद्धान्तामुळे त्यावर घरातल्या कुणाचा विश्वास बसला नाही.

सुनावणीचा दिवस आला. काकांनी सांगितलं की आज व्यायामाच्या वर्गाची परीक्षा आहे.

"गुडघ्याची परीक्षा असते?"

"नवीन पद्धत आहे."

काकूंनाही नेमकं मैत्रिणीकडे जायचं होतं, भरतकामाच्या प्रदर्शनाला. त्यांनी दोन पिशव्या पुढे धरल्या. "निळी नेऊ की तपकिरी?" काकांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि तपकिरी म्हणून सांगितलं. आज संध्याकाळपर्यंत दुकान राहील की नाही माहीत नव्हतं, पण ही आपल्याला पिशवीसुद्धा विचारून नेते, हे बघून त्यांनी चपला उलट्यासुलट्या पायांत सरकवल्या. ते पटकन बाहेर पडले.

कर कार्यालयात माणसाला आधी चुकीच्या खिडकीवर उभं करतात, मग बरोबर खिडकीवर उभं करून जेवणाची सुट्टी करतात. दोन्ही उरकून काका सुनावणीच्या खोलीबाहेर आले. लांबलचक बाक होता आणि त्यावर एक तपकिरी पिशवी होती. निवड चांगली आहे, असं काकांच्या मनात आलं. मग त्यांनी पिशवीच्या शेजारी पाहिलं.

"परीक्षा इथे आहे?" काकूंनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"प्रदर्शन इथे आहे?" काका म्हणाले.

तेवढ्यात दोघांच्या मधे वकीलबाई आल्या. दोन्ही बगलांत एकेक फाईल. "एका अशिलाची गोष्ट दुसऱ्या अशिलाला सांगता येत नाही," त्या भडाभडा बोलू लागल्या. "तुम्ही मंगळवारी, ह्या गुरुवारी. दोघांनाही घरी सांगा म्हणून ओरडतेय मी! शेवटी दोघांचे अर्ज एकाच दिवशी दिले, म्हणजे बोलावणं एकाच वेळी येईल. नियमात तेवढंच बसत होतं. आता मला कुणीतरी चहा पाजा."

चहाला वेळ नव्हता. शिपायाने नाव पुकारलं आणि तिघं आत गेली.

टेबलामागचे साहेब दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवून वाचत होते. एक अर्ज म्हणत होता की चूक सर्वस्वी माझी, माझ्या पत्नीला काही माहीत नाही. दुसरा म्हणत होता की चूक सर्वस्वी माझी, माझ्या पतीला काही कळत नाही.

"माहीत नाही असं लिहायचं होतं," काकू घाईने म्हणाल्या.

"कोणाची चूक आहे नक्की?" साहेबांनी विचारलं.

"माझी," दोघं एकदम म्हणाली.

"साहेब, ह्यांचं ऐकू नका," काकू पुढे सरकल्या. "हिशेबनीस घरात बसून मला सगळं समजावून सांगायचे. ते गेल्यावर मी बघायला हवं होतं. पाटी दुकानावर यांच्या नावाची आहे एवढंच."

"साहेब, तिला चूक करताच येत नाही," काकांचा आवाज चढला. "दुकान माझं, सही माझी. उगाच दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायची तिला सवय आहे. तुम्ही माझ्या भावाला विचारा, बिनकामाचा कोण ते!"

"तुमच्या भावाला काय कळतंय?" काकू उसळून म्हणाल्या. "फ्रेमचे कोपरे जुळवून दाखव म्हणावं एकदा!"

साहेबांनी हात वर केला तेव्हा दोघं गप्प झाली. त्यांनी दोन्ही अर्ज एकावर एक ठेवले. मग वकीलबाईंना म्हणाले, "या खुर्चीत बसून मी भाऊ-भाऊ पाहिले, भागीदार पाहिले, नवरा-बायको पाहिली. सगळी चूक ढकलायला येतात. चूक ओढायला कुणी आलेलं नाही. हेतू वाईट नव्हता, एवढं दिसलं तर दंड मला माफ करता येतो. दिसलं मला. मूळ कर आणि व्याज मात्र सुटणार नाही. हप्ते बांधून देतो. सील थांबवलं."

हप्त्याच्या अर्जावर जबाबदार व्यक्ती म्हणून एकाच नावाला जागा होती. त्यावरून दोघांची पुन्हा जुंपली आणि वकीलबाईंनी बारीक अक्षरात दोन्ही नावं कोंबून विषय मिटवला.

बाहेर पडल्यावर वकीलबाई चहाच्या दिशेने जवळजवळ पळत गेल्या. काका-काकू कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसली.

"मला का नाही सांगितलंत?" काकूंनी विचारलं.

"तू का नाही सांगितलंस?"

"नोटिशीची एक प्रत घराच्या पत्त्यावर, मागच्या दारानेही आली होती. वाचल्यावर वाटलं, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही रात्र रात्र जागाल आणि दिवसा बोटं कापून घ्याल. मला ते बघवलं नसतं. आता तुम्ही सांगा."

काकांना रक्तदाबाचं कारण सांगता आलं असतं. ते ओठांवरही आलं. पण आज खोटं बोलून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. "मला भीती वाटली," ते खाली बघत म्हणाले. "सगळ्या जगात तू एकटी मला शहाणा समजतेस. तुला हे कळलं असतं तर तेही संपलं असतं. मग दुकान राहिलं काय आणि गेलं काय."

काकू वळून बघू लागल्या. "तुम्हाला शहाणा? मी कधी समजले?"

"म्हणजे?"

"अहो, व्यवहारात तुम्ही शून्य आहात हे मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं होतं."

काकांना हे एकदम झेपेना. दंड माफ झाल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. "मग पडदे? कपाट? आज सकाळची पिशवी? सगळं मला विचारून का करतेस?"

"तुम्हाला विचारलेलं आवडतं." मग काकूंचा आवाज हळू झाला. "आणि तुम्ही विचार करायला लागलात की मला तुमच्याकडे बघत बसायला आवडतं. पहिल्यापासून."

"पण मी सांगतो तेच तू करतेस!"

"मला करायचंय ते तुमच्या तोंडून येईपर्यंत विचारत राहते."

आयुष्यभराचे सगळे निर्णय काकांच्या डोळ्यांसमोरून गेले, आणि पडद्यांबद्दल आपल्याला तीन वेळा विचारलं होतं हे आठवून त्यांना वाईट वाटलं. मग त्यांना असंही आठवलं, की तिन्ही वेळा ती समोर खुर्ची ओढून बसली होती. ते का, हे आज कळत होतं. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. भर रस्त्यात, सरकारी कार्यालयाच्या दारात त्यांनी असं काही पूर्वी केलं नव्हतं.

काकूंनी तो सोडवून घेतला नाही. थोड्या वेळाने त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पिशवी खांद्याला लावली.

"अहो, घरी बसने जायचं की चालत?"

"चालत," काका म्हणाले.

"बरं. पण बसने जायचं की चालत?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. उत्तर त्यांना कळलं होतं. पण आज ते द्यायची त्यांना घाई नव्हती. ते हाताची घडी घालून फुटपाथवर उभे राहिले, रस्त्याकडे बघितलं, थांब्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि अगदी मन लावून, कितीतरी वेळ विचार करत राहिले. काकू बघत होत्या.